जुन्या सुतारकामाच्या मशिनांना नवीन कॅस्टर (खालची चाकं) बसवायचेत, आटेच जुळत नाहीयेत

भुसामास्तर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन जुनी मशिनं आहेत, एक १४ इंची बँडसॉ (पट्टीसारख्या पात्याची करवत) पत्र्याच्या बंद स्टँडवर, आणि एक ८ इंची जॉइंटर (फळी रंधून सरळ करायचं मशीन), त्याची बैठक पूर्ण बिडाची. बँडसॉला मुळातच चाकं होती, त्यातली दोन गायब, तिसरं एका बाजूनं झिजून चपटं झालंय आणि चौथं फिरतं पण ब्रेक लागत नाही. जॉइंटरला चाकं कधीच नव्हती, खाली चार पाय आणि पायांना बोल्टची भोकं आहेत. जागा कमी आहे त्यामुळे दोन्ही मशिनं भिंतीला लावून ठेवायची आणि काम असेल तेव्हा मध्ये ओढायची असा विचार आहे.
आता अडचण अशी की बँडसॉच्या जुन्या चाकाचा आटेवाला दांडा व्हर्नियरनं मोजला तर १२.६ मिमी येतोय, मी म्हटलं १२ चा असेल, पण एम १२ चा (१२ मिमी मेट्रिक आट्यांचा) नट त्यावर चढतच नाही. नवीन कॅस्टर एम १२ चे सहज मिळतायत. भोकातले आटे नवीन पाडून घेऊ का? आणि जॉइंटरला कसली चाकं घेऊ? वजन नक्की माहीत नाही, बँडसॉ शंभरच्या आसपास आणि जॉइंटर दोनशेच्या वर असावा असा अंदाज.

आटेबहाद्दर
थांबा, टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातात घेऊ नका अजून. १२.६ म्हणजे तो अर्ध्या इंचाचा दांडा आहे, अर्धा इंच म्हणजे १२.७, आणि बाहेरचे आटे नेहमी नावापेक्षा केसभर कमीच भरतात. आता दुसरा प्रश्न, एका इंचात आटे किती? मोजपट्टी दांड्याच्या लांबीवर धरा आणि एक इंचात किती शेंडे बसतात ते मोजा, पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) असेल तर उत्तमच. १२ आले तर व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश माप, १३ आले तर अमेरिकन. नुसत्या डोळ्यानं फरक कळत नाही, मोजावंच लागतं.

रंधाराजा
अर्धा इंच बरोबर. पण १२ आणि १३ नं असा काय फरक पडतो, नट चढला म्हणजे झालं की

आटेबहाद्दर
दोन-तीन फेरे चढतो आणि मग अडकतो, तिथं माणूस पाना लावून जोर करतो आणि आटे खाऊन टाकतो. व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आपलं माप मांडलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंश, तिकडे अमेरिकेत सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशाचा काढला. अर्ध्या इंचाला एकाचे १२ आटे आणि दुसऱ्याचे १३, म्हणजे कोनही वेगळा आणि अंतरही वेगळं. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं मिळून एकच माप ठरवलं, पण कारखान्यांमधले जुने टॅप आणि जुने साचे काही एका रात्रीत भंगारात गेले नाहीत, त्यामुळे त्यानंतरच्या ब्रिटिश मशिनांवरही व्हिटवर्थ सर्रास सापडतं. फसवं प्रकरण पुढे आहे, ३/८ इंचाला दोन्हींत १६ च आटे, ५/८ ला दोन्हींत ११ च. तिथं नट गोडीगुलाबीनं चढतो आणि बसला असं वाटतं, पण कोन वेगळा असल्यामुळे आट्याची पूर्ण बाजू बाजूला टेकत नाही, जरा वजन आणि थरथर आली की सैल होतो.
आणि एम १२ चं म्हणाल तर त्याचं अंतर १.७५ मिमी, हा अर्ध्या इंचाच्या भोकात एखाददोन फेरे लडबडत जातो आणि मग तिरका अडकतो. तसा बसवलेला कॅस्टर म्हणजे पायाखाली ठेवलेला सापळाच.

पाचरवाला
मास्तर, मशीन कुठल्या देशाचं आहे? नेमप्लेटवर असेल. अमेरिकन असेल तर १३ च निघणार बघा.

भुसामास्तर
नेमप्लेटवरचा रंग उडालाय, अक्षरं वाचता येत नाहीत पण व्होल्टेज वगैरे बघून ब्रिटिश वाटतंय. आटे मोजतो.

लोखंडीबाबा
आटे राहू द्यात बाजूला, आधी वजनाचं बघा. अंदाजावर चाकं घेऊ नयेत. वजन काढायची सोपी युक्ती सांगतो, घरातला माणसांचा वजनकाटा घ्या. मशीनचं एक टोक काट्यावर आणि दुसरं टोक काट्याच्याच उंचीच्या ठोकळ्यावर, मशीन पातळीत पाहिजे, तिरकं असलं तर आकडा खोटा येतो. एक आकडा लिहून घ्या, मग काटा आणि ठोकळा अदलाबदल करून दुसरा आकडा. दोन्हीची बेरीज म्हणजे मशीनचं वजन. शिवाय कुठलं टोक जड आहे तेही फुकटात कळतं आणि ते कळणं वजनापेक्षा महत्त्वाचं आहे, कारण मोटर एका बाजूला असते. काट्यावर फळी ठेवा म्हणजे पायाचा टोकदार भार काचेवर येणार नाही, आणि फळीचं वजन वजा करा.
आता समजा जॉइंटर २२० किलो भरला. सगळे लोक २२० भागिले चार करतात आणि ५५ किलोची चाकं आणतात. चुकीचं आहे ते. जमीन कधीच सपाट नसते, चार चाकांतलं एक कायम अधांतरी असतं, भार तिघांवरच येतो. म्हणून २२० भागिले ३, साधारण ७३, त्याच्या दीडपट धरा म्हणजे ११० किलो प्रत्येक चाकाला. बाजारात १२० किंवा १५० चं जे मिळेल ते घ्या. कॅटलॉगमधला आकडा गुळगुळीत पातळ जमिनीवर माणसाच्या चालीनं ढकलण्याचा असतो, उंबऱ्यावर आदळायचा नसतो.

सुताराचा_नातू
पातळ नाही हो बाबा, सपाट 😀

लोखंडीबाबा
हो सपाट. बोटं जाड आहेत.

चाकमित्र
चाकाच्या मटेरियलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. साधं रबर नको, मशीन महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं की खालची बाजू चपटी होते आणि मग ढकलताना धाड धाड आवाज, मास्तरांचं तिसरं चाक झिजलंय म्हणतात ते मला तरी झिजलेलं वाटत नाही, बसून बसून चपटं झालं असणार. काळं रबर फरशीवर डागही सोडतं आणि तो डाग निघत नाही. नायलॉन कडक असतं, वजन भरपूर घेतं, हलकं फिरतं, पण जमिनीवर पडलेली एक बारीकशी ढलपी किंवा लाकडाचा तुकडा आला की गाडी जागेवर थांबते आणि ढकलणारा पुढे जातो, उंच मशीन असेल तर तोही पुढे आणि मशीनही पुढे. पॉलियुरेथेन चढवलेलं चाक घ्या, आत बिडाचं किंवा नायलॉनचं. सुतारखान्यात हेच बरं.
आणि व्यास. ५० मिमीची चाकं दिसायला नीटनेटकी पण भुशात रुततात. १०० चं घ्या, ७५ च्या खाली जाऊच नका.

रंधाराजा
१०० चं चाक म्हणजे प्लेट धरून एकूण उंची १२५-१३० होते. जॉइंटरचं टेबल तेवढं वर गेलं तर वापरणार कसं? जॉइंटरवर फळीवर वरून दाब द्यायचा असतो, टेबल कमरेच्या खाली पाहिजे, वर गेलं की खांद्यानं ढकलावं लागतं आणि हात पात्याच्या अंगावर वाकतात. मी तर म्हणतो जॉइंटरला चाकं लावूच नका. जड मशीन एका जागी ठेवा आणि काम त्याच्याकडे न्या.

चाकमित्र
जागाच नाही म्हणून तर विचारतायत ना ते

रंधाराजा
जुन्या मोठ्या मशिनांना चाकं नव्हती त्याला कारण होतं. ती कारखान्यात शाफ्ट-पट्ट्यावर चालायची, जमिनीत बोल्टनं जखडलेली, हलवायचा प्रश्नच नव्हता. मशीनचं वजन हेच त्याचं काम असतं, थरथर पिऊन टाकायचं. त्याच्याखाली तुम्ही चार गोट्या सारल्या की बिडाचा अर्धा फायदा गेला.

चाकमित्र
मग शॉपस्मिथसारख्या, एकातच अनेक कामं करणाऱ्या मशिनांना पायानं दाबून चाकं खाली आणायची आणि परत वर घ्यायची सोय का असायची? घरात, गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठीच ना. हलवताना चाकांवर आणि काम करताना पायांवर. ही कल्पना काही आजची नाही.

रंधाराजा
ते मान्य. वर-खाली होणारी असतील तर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण फक्त चाकावर उभं राहून काम करण्याशी आहे.

पाचरवाला
ब्रेकवाली चाकं घेतली की झालं ना पण? चारही लॉक

लोखंडीबाबा
ब्रेक दोन जातीचे असतात. स्वस्तातला फक्त चाक थांबवतो, वरची मान, म्हणजे चाक जिथं वळतं तो भाग, मोकळी फिरते, त्यामुळे मशीन थांबल्यासारखं वाटतं पण ढकललं की मान वळून दोन-तीन सेंटीमीटर सरकतं. दुसरा चाक आणि मान दोन्ही पकडतो. घ्यायचा तर तो दुसराच. तरीसुद्धा मानेतल्या छर्‍यांत थोडा खेळ राहतोच, चारही चाकं लॉक करून टेबल धरून हलवून बघा, डुलतं. ड्रिल मशीनला चालेल, बँडसॉलाही चालतं, जॉइंटरला नाही, तिथं आपण दर वेळी आडवा जोर लावत असतो.

भुसामास्तर
आटे मोजले. १२ आहेत. दोनदा मोजले, पट्टी उलटी करूनही. म्हणजे व्हिटवर्थ. आता १२ आट्यांचे कॅस्टर आणू कुठून? सगळीकडे एम १० नाहीतर एम १२. फार तर १३ वाले मिळतील.

सुताराचा_नातू
सरळ १३ मिमीचं ड्रिल घालून आटे काढून टाका, एम १२ चा दांडा आरपार घाला आणि आतून नट-वॉशर. पंधरा मिनिटांचं काम.

आटेबहाद्दर
अरे बाबा नको! ऐंशी वर्षं टिकलेले आटे पंधरा मिनिटांत उडवायचे? त्याची काही गरज नाही. मध्ये भोक असलेले कॅस्टर मिळतात, म्हणजे वर प्लेट नाही आणि दांडाही नाही, मानेच्या मधोमध आरपार भोक. त्यात आपला बोल्ट घालायचा. बोल्ट अर्धा इंच व्हिटवर्थचा घ्यायचा, जुन्या मशिनांच्या नट-बोल्टवाल्यांकडे हा मिळतो, कॅस्टर मिळत नाही पण बोल्ट मिळतो. भोक १३ मिमीचं आहे का एवढं बघून घ्या, काहींचं १२ किंवा १२.२ असतं त्यात हा जात नाही. बोल्टचं डोकं खालून मानेच्या आत बसतं, चाकाला घासत नाही ना ते फिरवून बघा. मशीनला एक ओरखडा नाही.

सुताराचा_नातू
हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

बिडाचा_भक्त
आटेबहाद्दर बरोबर बोलले पण एक भर घालतो. बोल्ट किंवा दांडा पूर्ण आत गेला पाहिजे, खांदा मशीनला घट्ट टेकला पाहिजे. लोक काय करतात, जमीन वरखाली असली की एका चाकाचा दांडा दोन-चार फेरे बाहेर काढून उंची जुळवतात. असं केलं की सगळा वाकवणारा जोर पहिल्या उघड्या आट्यावर येतो आणि दांडा बरोब्बर तिथंच तुटतो, आणि तो सावकाश नाही तुटत, मशीन ढकलताना तुटतो. उंची जुळवायची तर चाक आणि मशीनच्या मध्ये जाड वॉशर घाला.
आणि मास्तर, तुमचं स्टँड पत्र्याचं आहे ना, मग आतून बघा तो आट्याचा नट कशावर वेल्ड केलाय. जुन्या पत्र्याच्या स्टँडमध्ये कोपऱ्यात एक लहानशी पट्टी असते, तिचं वेल्डिंग गंजून सुटलेलं असलं तर वरून सगळं ठीक दिसतं आणि चाक बसवलं की पत्रा आत दबतो. शंका असली तर कोपऱ्यात आतून ६ मिमीची प्लेट किंवा अँगलचा तुकडा बोल्टनं बसवा म्हणजे भार पत्र्याच्या दोन बाजूंवर पसरेल.

भुसामास्तर
बघितलं, तीन कोपरे ठणठणीत, चौथ्यात नटाच्या बाजूला पत्र्याला भेग आहे. आणि त्याच कोपऱ्यात जुन्या चाकाचा दांडा तुटून आतच राहिलाय, बाहेर जेमतेम दोन सेंटीमीटर आलेला. गच्च गंजलाय.

बिडाचा_भक्त
दोन सेंटीमीटर पुष्कळ झाले. दोन नट पातळ बघून त्यावर चढवा, एकमेकांवर दोन पान्यांनी करकचून आवळा, मग आतल्या नटाला, म्हणजे मशीनकडच्या नटाला पाना लावून उलटा फिरवा. त्याआधी गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, आणि हातोडीनं दांड्याच्या तोंडावर हलके टोले द्या, गंज हादऱ्यानं सुटतो. फिरला की लगेच पूर्ण काढायला जाऊ नका, पाव फेरा बाहेर, परत थोडा आत, परत बाहेर. पत्र्याला भेग आहे म्हणताय तर तिथं आडवा जोर नको. तो निघाल्यावर भेगेच्या टोकाला एक ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही, आणि मग आतून प्लेट.

वळणदार
बँडसॉबद्दल एक सांगायचं राहतंय. फिरत्या चाकाचा जमिनीवर टेकायचा बिंदू मानेच्या बरोबर खाली नसतो, बाजूला ३०-४० मिमी असतो, म्हणून तर ते वळतं. आता तुमचं स्टँड समजा ४०० रुंद आहे आणि चारही चाकं फिरती आहेत. मशीन बाजूला ढकलताना किंवा दिशा बदलताना चाकं आत वळली की तुमचा ४०० चा पाया प्रत्यक्षात ३३० वर येतो. बँडसॉचं वरचं चाक, बिडाची फ्रेम, टेबल सगळं वर, म्हणजे आधीच डोकं जड. लॉफ्टच्या उंचीचं मशीन आणि पाया हातभर. पडतं ते असं पडतं. दोन चाकं फिक्स आणि दोन फिरती ठेवा, फिक्स चाकं आत वळत नाहीत आणि मशीन सरळ रेषेत जातं. अजून चांगलं म्हणजे चाकं स्टँडच्या बाहेर काढा, खाली दोन अँगल आडवे टाकून दोन्ही बाजूंनी १०० मिमी बाहेर, त्यावर चाकं. पाया रुंद होतो आणि चाक बाजूला गेल्यामुळे मशीनची उंचीही जवळपास वाढत नाही.

पाचरवाला
बाहेर काढलेल्या चाकांना पाय अडखळतो राव. माझी करंगळी साक्षीला आहे.

वळणदार
करंगळी परवडली. ढकलताना टेबलाच्या खालून ढकला, वरच्या चाकाच्या झाकणाला हात लावून कधी नाही.

रंधाराजा
आणि जॉइंटर ओढताना टेबलाचं टोक धरून ओढू नका, हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. लांब टेबल म्हणजे तरफ झाली, सगळा जोर टेबल ज्यांवर सरकतं त्या तिरक्या पट्ट्यांवर जातो आणि टेबलाचं टोक खाली बसतं. एकदा ते बसलं की पातळीत आणायला पत्री (पातळ पत्र्याचे तुकडे) घालत बसा.

सुताराचा_नातू
जॉइंटरच्या बैठकीला सरळ प्लेट वेल्ड करून चाकं लावली तर? भोकं वगैरे भानगडच नको

बिडाचा_भक्त
बिडाला वेल्डिंग! नको नको नको. बिडात कार्बन खूप असतो, वेल्डच्या कडेनं ते काचेसारखं कडक होतं आणि थंड होताना टण्‌कन तडा जातो, कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. आधी सगळं ओतकाम तापवून, निकेलच्या रॉडनं, राखेत सावकाश थंड करत करणारे लोक आहेत पण ते तुटलेलं सांधण्यासाठी, चाक लावण्यासाठी नाही. पायांना भोकं आहेत ना आधीचीच, तीच वापरा.
भोक मोठं करायची वेळ आलीच तर ड्रिल सावकाश फिरवा, तेल घालू नका, बीड कोरडंच कापायचं असतं, त्याची काळी भुकटी पडते, तेल घातलं की लगदा होऊन ड्रिल घासत बसतं. काठापासून लांब राहा. आणि हे नीट वाचा, बीड दाबाला जितकं घट्ट असतं त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच ताणाला असतं. ब्रॅकेट आणि पाय यांच्यामध्ये फट असताना बोल्ट आवळला तर पाय वाकायला जातो, आणि बीड वाकत नाही, तुटतं. जुना रंग, गंज, ओतकामाच्या गाठी कानशीनं काढून पृष्ठभाग सपाट करा, तरी फट राहिली तर पत्री घाला, मग आवळा. खाली रुंद जाड वॉशर.

तिसरा_पाय
उशिरा आलो पण जॉइंटरसाठी चार चाकं हवीतच कशाला? मी माझ्या जॉइंटरला दोनच लावलीत आणि तीही फिक्स. जड टोकाच्या बाहेरच्या बाजूला एक ब्रॅकेट, त्यात आडवा दांडा, दांड्याला दोन चाकं, आणि चाकं जमिनीपासून २-३ मिमी वर. मशीन उभं असतं तेव्हा स्वतःच्या चार पायांवर, चाकांना हवाच लागते. हलवायचं असेल तेव्हा दुसरं टोक उचलायचं, की या टोकाची चाकं टेकतात आणि पाय सुटतात, हातगाडीसारखं न्यायचं. उंची वाढली नाही, ब्रेक नको, डुलणं नाही.

रंधाराजा
हे मला पटलं.

भुसामास्तर
भारी आहे हे. पण दुसरं टोक उचलणार कसं, शंभर किलोच्या वर भार असेल तिथे. आणि किती उचलावं लागतं?

तिसरा_पाय
हिशोब आहे त्याला. पायाच्या काठापासून चाकाचा मध्य किती बाहेर आहे, आणि चाक जमिनीपासून किती वर आहे, या दोन गोष्टींवर सगळं. समजा बैठक ९०० लांब, चाक ६० मिमी बाहेर आणि ३ मिमी वर. ३ भागिले ६०, गुणिले ९००, म्हणजे ४५ मिमी उचललं की चाक टेकतं, तिथून पुढे पाय सुटायला अजून थोडं. फट २ मिमी ठेवली तर ३० मध्येच टेकेल. चाक जितकं बाहेर तितकं कमी उचलावं लागतं, पण ब्रॅकेटवरचा वाकवणारा जोरही तितकाच वाढतो, त्यामुळे ६०-७० च्या पुढे जाऊ नका आणि ब्रॅकेट ८-१० मिमी प्लेटचं करा, कोपऱ्यात तिरकी पट्टी देऊन.
उचलायला लांब पाइपची तरफ. हलक्या टोकाच्या पायांच्या मध्ये एक अँगल बोल्टनं बसवा, त्याला मधोमध एक भोक किंवा हूक, तरफेला स्वतःचं एक फिरतं चाक पुढे. तरफ हुकात घातली आणि दांडा खाली दाबला की टोक उचललं जातं आणि तिसरं चाक म्हणून तेच तरफेचं चाक वळवायला. टेकूपासून हूक १०० मिमी आणि हात १ मीटरवर असेल तर ११० किलोला ११ किलोचा जोर पुरतो.

चाकमित्र
तीन चाकांचा अजून एक फायदा, जमीन कशीही असो तिन्ही टेकतातच, मशीनला पीळ बसत नाही.

लोखंडीबाबा
चाकमित्र तुम्ही हलवतानाचं बोललात, थांबल्यावर मात्र ते परत चार पायांवरच येणार. जुन्या जाड बिडाच्या बैठकीला फारसा पीळ पडत नाही हे खरं, पण पडतो, केसाएवढा. जॉइंटर नव्या जागी ठेवला की कुठला पाय अधांतरी आहे ते कागद सारून बघा आणि त्याखाली पत्री सारा. मग दोन्ही टेबलांवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. काही लोक त्या जागेवर जमिनीला रंगानं खुणा करून ठेवतात, दर वेळी पाय त्याच खुणेवर, तीच पत्री तिथेच चिकटवलेली. ही युक्ती मला आवडते, परत परत मोजायची कटकट नाही.

सायलेन्सर
जरा विषय सोडून, माझ्याकडे जुन्या स्क्रोल सॉचं (नक्षी कापायच्या करवतीचं) स्टँड आहे, नळीचे पाय, त्यात आटे नाहीतच, चाकाचा गुळगुळीत दांडा नुसता आत दाबून बसतो, दांड्याला एक तारेची कडी आहे. ऑफिसच्या खुर्चीच्या चाकाचा दांडा बरोबर बसतोय त्यात. लावू का?

आटेबहाद्दर
खुर्चीचा दांडा बहुतेक ११ मिमी जाड आणि २२ लांब असतो, तुमच्या नळीतलं सॉकेट ७/१६ इंचाचं असणार, ते ११.१ भरतं, म्हणून बसतंय. बसतं याचा अर्थ पेलतं असा नाही. खुर्चीची पाच चाकं असतात आणि माणूस मऊ असतो, थरथरत नाही. स्क्रोल सॉ हलका आहे म्हणून मोडणार नाही कदाचित, पण दांडा आखूड असल्यामुळे स्टँड उचललं की चाकं टपटप गळतील. त्याच जाडीचा लांब दांड्याचा कॅस्टर शोधा, जुन्या फर्निचरसाठी असतात.

सायलेन्सर
गळतायतच. धन्यवाद.

पाचरवाला
कोणीतरी उचलायचं कसं तेही सांगा हो नवीन माणसाला. सगळे चाकांवर बोलताय, मशीन हवेत कोण धरणार.

वळणदार
प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. बँडसॉचं पातं काढा, टेबल काढा, जमलं तर मोटरही, पट्टा सोडला की ती चार बोल्टांवर असते. एवढं काढलं की मशीन निम्मं सोपं होतं. आडवं पाडायचं असेल तर पाठीच्या कण्यावर, म्हणजे उभ्या फ्रेमच्या बाजूवर, खाली जाड गादी नाहीतर टायर.
जॉइंटर पाडू नका, जागेवरच उचला. पहार एका टोकाला, २० मिमी उचला, ठोकळा सारा, सोडा. दुसऱ्या टोकाला २० मिमी, ठोकळा. परत पहिलं. ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचत जा, एकाच दिशेनं रचलेला मनोरा घसरतो. दोन माणसं पाहिजेत, एक पहारेवर आणि एक ठोकळ्यावर, आणि ठोकळ्यावाल्यानं तो हातानं नाही, काठीनं ढकलायचा. बोटं खाली कधीच नाहीत. एका दमात पाहिजे तेवढं उचलायचा मोह होतो, तिथेच घोटाळा.

भुसामास्तर
अडकलेला दांडा निघाला! दोन नटांच्या युक्तीनं, तेल दोन रात्री ठेवावं लागलं. आतून प्लेट टाकली, भोकवाले १०० मिमीचे कॅस्टर व्हिटवर्थच्या बोल्टवर बसले, दोन फिरते आणि दोन फिक्स. भोकवाले फिक्स मिळालेच नाहीत म्हणून फिक्ससाठी प्लेटवाले घेऊन खाली अँगल टाकला, बोल्ट त्याच जुन्या भोकांतून, अँगलची जाडी वॉशरनं दुसऱ्या बाजूला जुळवली. दोन्ही फिरत्यांना मान पकडणारा ब्रेक.
जॉइंटर वजनकाट्यावर २३४ भरला, मोटरच्या टोकाला १३१ आणि दुसरीकडे १०३. तिसरा पाय यांच्या पद्धतीनं ब्रॅकेट करायला टाकलंय, चाकं १५० किलोवाली.
एकच शंका, बँडसॉ चालू केल्यावर एक नट ढिला झालेला दिसला. स्प्रिंग वॉशर घातलाय तरी.

बिडाचा_भक्त
जुना रंग राहिला असेल वॉशरखाली, तो दबतो आणि आवळलेपण जातं. तेवढी जागा धातूपर्यंत खरवडा, नट परत आवळा आणि आट्याला लॉकिंगचं द्रव लावा, मधल्या ताकदीचं, लाल कायमचं नको. व्हिटवर्थमध्ये नायलॉनवाला नट मिळणं मुश्कील, नाहीतर दोन नट एकावर एक.

तिसरा_पाय
१३१ मोटरच्या टोकाला म्हणजे चाकं त्याच टोकाला लावा, १०३ वालं टोक उचलायचं. माझ्या वरच्या हिशोबानं हातावर दहा किलोच येतात. हुकाचं भोक मात्र बरोबर मधोमध नको, मोटर ज्या बाजूला लटकलीय त्या बाजूला थोडं सरकवा, नाहीतर उचलल्यावर मशीन एका अंगाला कलतं. आधी दोरीनं उचलून तोल कुठे येतो ते बघा आणि मग भोक पाडा.

भुसामास्तर
करतो. चाकांच्या मानेत ग्रीस भरू का आधी?

चाकमित्र
उघड्या मानेत नको, भुसा चिकटून त्याची पेस्ट होते आणि चाक वळायचं थांबतं. ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा स्प्रे मारा. ग्रीस भरायचा निप्पल असेल किंवा मानेला सील असेल तरच ग्रीस.

पाचरवाला
आणि वायर चाकाखाली येणार नाही अशी वरून घ्या, हे कोणीच बोललं नाही अजून

भुसामास्तर
घेतलीय वरून. ब्रॅकेट आलं की फोटो टाकतो.